गंज, कळंक की क्षरण?

फायबरच्या बोटींच्या देखभालीची पुस्तिका मराठीत आणतोय. 'तळातल्या पितळी तोट्या गंजू नयेत म्हणून' असं लिहून पुढे गेलो, तर तपासणाऱ्याने समासात विचारलं, "पितळ गंजतं का?" तिथेच अडलोय. तुम्ही काय लिहाल?

—

गंज लोखंडाचाच. त्याला तांबेराही म्हणत, पण तो शब्द आता गव्हाच्या रोगापुरता उरलाय. (काही भागांत गंज म्हणजे पातेलं. तिथे 'गंजाला गंज चढला' हे अगदी शुद्ध मराठी!) तांब्यापितळेवर चढतो तो हिरवा कळंक. त्यावरून कळकणे. पण पितळेच्या भांड्यात कळकतं ते आतलं आंबट, भांडं नव्हे. म्हणून 'तोटी कळकली' जमणार नाही.

—

खारं पाणी त्या तोटीचं जे करतं ते कळंकही नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. समुद्राच्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा राहतो. आकार तोच, आटेही तसेच. अशी एक तोटी मी चाकूच्या टोकाने खरवडली होती. पिवळी निघायच्या ऐवजी गुलाबी निघाली. हातोडीने हलकेच ठोकली तर 'टण्ण' नाही, 'थप्प'. पान्याचा एक हिसका बसला आणि आट्यांपाशी खडूसारखी तुटली. ती तुटते तेव्हा बोट पाण्यात असली तर पाणी थेट आत. गंज शोधणाऱ्याने ती धडधाकट म्हणून सोडून दिली असती, म्हणून इथे 'गंज' नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. सरळ 'पितळातलं जस्त जाणं' लिहा, आणि अशा तोट्यांऐवजी ब्राँझच्या बसवा हेही लिहा.

स्टेनलेसला मात्र 'गंज' चालेल. त्याचं क्रोमियमचं कवच टिकायला ऑक्सिजन लागतो. वॉशरखाली तो पोचत नाही आणि नेमके तिथेच खड्डे पडतात.

—

म्हणजे मथळ्यात या सगळ्यांना पुरेल असं 'क्षरण'. पण 'क्षरण होऊ नये' हे पाठ्यपुस्तकी वाटतं. क्रियापद कोणतं?

—

खाणे. 'गंजाने पत्रा खाल्ला' म्हणतोच ना आपण? मग 'खाऱ्या पाण्याने तोटी खाल्ली' म्हणायला काय हरकत आहे?

—

पटलं. आता शेवटचं. तोटीऐवजी स्वतः खाल्ला जाणारा जस्ताचा ठोकळा. 'त्यागी धनाग्र' लिहिलंय, पण भाषण चालू असल्यासारखं वाटतं.

—

बोटीवर सगळे 'झिंक'च म्हणतात. मराठीच हवं तर 'झिजतं जस्त'. चंदनासारखं झिजणं आपल्याकडे आहेच. कल्पना जुनी आहे. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने 1824 मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं वाचलं, पण शेवाळ-शिंपल्यांना दूर ठेवतं ते विरघळणारं तांबंच. ते विरघळेना म्हणून पत्र्यावर शेवाळ आणि शिंपले माजले. एक विसरू नका, फायबरमधून वीज वाहत नाही. जस्त आणि तोटी तारेने जोडलेली नसतील तर जस्त तोटीला वाचवणार नाही.

—

मग असं लिहितो: 'झिजतं जस्त अर्धं खाल्लं गेलं की बदला. त्यावर रंग लावू नका.' आधीच्या खर्ड्यात मी 'सर्व धातूचे भाग रंगवून घ्यावेत' लिहिलं होतं. ते आत्ताच खोडलं.