जुन्या कॉर्डलेस ड्रिलच्या बॅटऱ्या बदलाव्यात की नवीन मशीन घ्यावी? (ठाणे)

घोडबंदरची_मीरा:
नमस्कार मंडळी. बाबांची १४.४ व्होल्टची कॉर्डलेस ड्रिल आता माझ्याकडे आली आहे. मशीनला काहीही झालेलं नाही. चक बिट घट्ट पकडतो, गिअर कुरकुरत नाहीत, ट्रिगर हळू दाबला की हळूच फिरते. बॅटऱ्या मात्र दोन्ही बसल्यात. एक चार्जच होत नाही. दुसरी चार्ज झाल्याचा दिवा दाखवते आणि दोन-तीन स्क्रू पिळले की मान टाकते. कंपनीने हा पॅक बंद केला आहे. ऑनलाइन 'या मॉडेलला चालेल' म्हणून ज्या बॅटऱ्या दिसतात त्यांची नावं कधी ऐकलेली नाहीत.

शिवाय भावाकडे १८ व्होल्टचा लिथियमवाला इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत स्क्रू पिळणारं मशीन) आहे. तो पावसाळाभर माळ्यावर पडून होता, आता चार्जरचा लाल दिवा नुसता लुकलुकतो. दुकानदार म्हणाला, दोन्ही भंगारात द्या. मला ते पटत नाही. काम घरगुतीच: बिजागऱ्या, कपाटं, पडद्याचे रॉड, गॅलरीतले स्टँड. काय करावं?

वागळे_मेंटेनन्स:
आधी एक सांगा, ड्रिलच्या पॅकवर काय छापलंय? निकेल-कॅडमियम की निकेल-मेटल हायड्राइड? आणि चार्जरवर आउटपुट किती मिलिअँपिअर लिहिलंय?

घोडबंदरची_मीरा:
निकेल-कॅडमियम, १.३ अँपिअर-तास. चार्जरवर ४०० मिलिअँपिअर.

वागळे_मेंटेनन्स:
मग या पॅकला जीव देता येईल. मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे, असे पॅक बरेच उघडले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निकेल-कॅडमियमचा एक सेल १.२ व्होल्टचा. म्हणजे १४.४ च्या पॅकमध्ये १२ सेल एकापुढे एक जोडलेले. आकाराला सब-सी म्हणतात, व्यास साधारण २२ मिलिमीटर, उंची ४३. पॅक चार्ज करा, खालचे स्क्रू काढून उघडा आणि मल्टिमीटरने एकेक सेल मोजा. बहुतेक वेळा नऊ-दहा सेल १.२ च्या पुढे दिसतात आणि दोन-तीन शून्याला टेकलेले असतात. पॅक मेला असं आपण म्हणतो तो या दोन-तिघांमुळे.

मोह होतो की तेवढेच बदलावेत. तसं करू नका. जुने सेल आधी रिकामे होतात आणि बाकीचे त्यांच्यातून उलटा करंट ढकलतात, त्यात ते आणखी खराब होतात. महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच. बदलायचे तर बाराही एका जातीचे, एका क्षमतेचे. पट्ट्या जोडूनच आलेले सेल मिळतात, तेच घ्या. सेलच्या अंगावर थेट सोल्डरिंग केलं की उष्णतेने आतलं सील जातं. मेलेल्या सेलला कारच्या बॅटरीचा झटका देऊन जिवंत करण्याचे व्हिडिओ दिसतील, त्यांच्या नादी लागू नका. आतला शॉर्ट तेवढ्यापुरता जळतो, सेल टिकत नाही, आणि फुटला तर तोंडासमोर फुटतो.

निकेल-मेटल हायड्राइड सेल त्याच आकारात २००० मिलिअँपिअर-तास आणि त्याहून जास्त क्षमतेचे येतात, व्होल्टेज तेच. तुमचा चार्जर संथ आहे, त्यामुळे हे चालतील, फक्त वेळेवर लक्ष हवं. ४०० ने २००० भरायला सहा-सात तास लागतील. रात्रभर लावून ठेवायचे नाहीत. एका तासात भरणारा फास्ट चार्जर असता तर मी नको म्हटलं असतं. सेल भरला की व्होल्टेज किंचित खाली येतं, ते ओळखून तसे चार्जर थांबतात. मेटल हायड्राइडमध्ये ही घट फार छोटी असते, कॅडमियमसाठी बनवलेल्या चार्जरला ती कळेलच असं नाही.

कोपरखैरणे_७०९:
एवढ्या खटाटोपापेक्षा चार लिथियम सेल टाका की. ३.६ गुणिले ४ म्हणजे बरोब्बर १४.४. वजन निम्मं होईल.

वागळे_मेंटेनन्स:
गणित बरोबर आहे, पण त्याच जुन्या चार्जरवर लावले तर आग लागू शकते. चार लिथियम सेल १६.८ व्होल्टला काटेकोर थांबायला हवेत आणि या चार्जरला थांबणं माहीतच नाही. म्हणजे वेगळा चार्जर आला, प्रत्येक सेलवर नजर ठेवणारा बीएमएस आला, तोही ड्रिलचा करंट झेपणारा. बिट लाकडात अडकली की मोटर क्षणात २०-३० अँपिअर ओढते. लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले सेल त्याला पुरे पडत नाहीत. ज्याचा हात बसलाय त्याने जरूर करावं. पहिल्यांदाच पॅक उघडणाऱ्याने नको.

आणि १८६५० (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब अशा लिथियम) सेलवर '९९०० एमएएच', म्हणजे मिलिअँपिअर-तास, छापलेलं दिसलं तर हातही लावू नका. या आकारात आजचे चांगले सेल ३५००च्या आसपास थांबतात.

नेरुळकर_सुतारकाम:
भावाच्या ड्रायव्हरबद्दल लिहितो, माझं रोजचं काम त्यावरच आहे. लिथियमचा १८ व्होल्टचा पॅक म्हणजे पाच सेल. पूर्ण भरल्यावर २१ व्होल्ट. काही कंपन्या त्यालाच '२० व्होल्ट मॅक्स' म्हणतात, ताकद तीच. बॅटरीच्या टोकांना मीटर लावून बघा. १० व्होल्टच्या खाली असेल तर सोडून द्या. इतकी उतरली की सेलच्या आतलं तांबं विरघळायला लागतं आणि पुन्हा चार्ज करताना शॉर्ट होऊ शकतो. चार्जर नकार देतोय तो यासाठीच. दुसऱ्या बॅटरीच्या वायरी जोडून त्याला फसवू नका.

त्या मॉडेलची बॅटरी अजून कंपनीकडे मिळत असेल तर तीच ओरिजिनल घ्या, मशीन ठेवा. मात्र आधी किटचा भाव काढा. दोन सुट्या बॅटऱ्यांच्या किमतीत कधी कधी दोन बॅटऱ्या, चार्जर आणि मशीन असं सगळं येतं. शिवाय एकाच कंपनीच्या निळ्या (व्यावसायिक) आणि हिरव्या (घरगुती) मशीनच्या बॅटऱ्या एकमेकींना बसतीलच असं नाही, हे दुकानातच लावून बघा. बॅटरीवरची तयार झाल्याची तारीखही वाचा. आणि पुन्हा माळ्यावर ठेवायची झाली तर अर्धी चार्ज करून ठेवा.

घोडबंदरची_मीरा:
खूप मदत झाली. पडद्याच्या रॉडसाठी भिंतीत भोकं याच ड्रिलने पडतील ना?

नेरुळकर_सुतारकाम:
बिल्डिंग नवी आहे का? घोडबंदरच्या बऱ्याच टॉवरमध्ये मायवनच्या, म्हणजे अख्ख्या काँक्रीटच्या भिंती आहेत. तिथे १४.४ ची ड्रिल नुसती बिट तापवते आणि आपण उगाच जोर देत बसतो. त्याला वायरवाली एसडीएस हॅमरच (फिरता फिरता ठोके मारणारी ड्रिल) हवी. वर्षातून चार वेळा लागणार असेल तर भाड्याने आणा किंवा सोसायटीत कुणाकडे तरी असेलच. वायरवाल्या मशीनची मला हीच गोष्ट आवडते, दहा वर्षांनी प्लग लावला तरी चालते. तुमची कॉर्डलेस लाकूड आणि स्क्रूसाठी ठेवा, त्यात ती उत्तम.

ट्रान्सहार्बर_प्रवासी:
सेल कुठे मिळतील ते कुणी लिहिलं नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा. मशीन आणि ओरिजिनल बॅटरीसाठी नागदेवी स्ट्रीट, ठाण्याहून स्लो लोकलने मशीद बंदरला उतरा. रविवार सोडून जा, बहुतेक दुकानं बंद असतात. बिल घ्याच, त्यावर वॉरंटी लिहून घ्या.

कोपरखैरणे_७०९:
लिथियमचं समजलं, धन्यवाद.
जुने सेल मात्र भंगारवाल्याला देऊ नका. कॅडमियम विषारी आहे, युरोपने २०१६च्या अखेरीनंतर कॉर्डलेस मशीनमध्ये असे पॅक विकायला बंदी घातली ती त्यासाठीच. आपल्याकडे २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरला विचारा. देताना टोकांना चिकटपट्टी लावा.

घोडबंदरची_मीरा:
ठरलं. ड्रिलला बारा मेटल हायड्राइड सेल, भावाची बॅटरी मोजून मग निर्णय, हॅमर शेजारून. आत्ता पॅक उघडून बसले आहे. तीन सेल शून्य. दोन सेलच्या खाचेत कागदी पट्टीखाली मण्याएवढं काहीतरी आहे, त्याला दोन बारीक वायरी. ते काढून टाकू का?

वागळे_मेंटेनन्स:
अजिबात नाही. तो तापमान बघणारा सेन्सर आहे. नवे सेल टाकताना त्याच खाचेत, सेलच्या अंगाला टेकून बसवा आणि वर तीच पट्टी चिकटवा. वायरी कुठून कुठे जातात त्याचा फोटो आत्ताच काढून ठेवा.