मदत हवी आहे: मॉक ड्रिलची बेल दिली आणि पोरं कँटीनला गेली

फोंडेकरीण
नमस्कार. घाईत लिहितेय, चुका पोटात घाला. आमच्या कॉलेजची आपत्ती व्यवस्थापन समिती माझ्या गळ्यात पडली आहे. मी शिकवते अर्थशास्त्र, पण ज्या मीटिंगमध्ये नावं ठरली त्या दिवशी मी रजेवर होते. काल पहिलं मॉक ड्रिल घेतलं. साडेदहाला लांब बेल दिली. अर्धी मुलं मधली सुट्टी लवकर झाली समजून कँटीनला गेली. एफवायचा एक वर्ग बेल बिघडली म्हणून बसूनच राहिला. टीवायवाल्यांनी तर सरळ स्कूटर काढल्या.
पुढच्या महिन्यात नॅकची, म्हणजे कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, तपासणी आहे. प्राचार्यांना फोटो हवेत, मला निदान पोरं खाली आलेली हवीत. प्रश्न एवढाच: धोक्याची बेल वेगळी कशी करायची? स्वस्तात. लवकर सांगा प्लीज.

डिचोलीकर
मजले किती? मुलं किती? बेल इलेक्ट्रिक की हाताची? काहीच न सांगता 'लवकर सांगा'!

म्हापशे_शुक्रवार
मॅडम, बेलबिल सोडा. प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतोच. सगळ्यांवर एकदम मेसेज टाकायचा. आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर आला की असंच करतो, दोन मिनिटांत सगळ्या बादल्या खाली.

फोंडेकरीण
@डिचोलीकर तळमजला अधिक दोन. साधारण साडेसहाशे मुलं. बेल इलेक्ट्रिक, तासाची तीच.
@म्हापशे_शुक्रवार तास चालू असताना फोन बॅगेत ठेवायचा आमचा नियम आहे. शिवाय वरच्या मजल्यावर रेंज खिडकीशी उभं राहिल्यावर येते.

डिचोलीकर
तासाची बेल आणि धोक्याची बेल एकच असेल तर पोरांचा काही दोष नाही. लांब वाजली काय, तुकड्यातुकड्यांनी वाजली काय, कान तिला सुट्टी म्हणूनच ओळखतो. आवाजच वेगळा पाहिजे. आणि दुसरं, ती बेल मेनवर आहे ना? आग लागली की पहिलं काम मेन स्विच पाडायचं. मग बेल कोण वाजवणार, देवचार?

माशेलची_सून
मुलींच्या सुरक्षेचं काय ते कुणीच बोलत नाही. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हा नंबर चोवीस तास चालू असतो, तो प्रत्येक मजल्यावर लावा. आणि अंतर्गत तक्रार समितीतल्या सदस्यांची नावंही लावा. आमच्या भाचीच्या कॉलेजात तो बोर्ड झेरॉक्सच्या मशीनमागे होता.

फोंडेकरीण
ताई, तो बोर्ड आहे आमच्याकडे, दर्शनी भागातच आहे. माझा प्रश्न बेलचा आहे.

निवृत्त_बंबवाला
मी अग्निशामक दलात होतो, आता घरी नारळ मोजतो. मॅडम, बेलचं सांगतो, पण आधी माझ्या तीन प्रश्नांची उत्तरं द्या. जिने किती? दोन्ही उघडे असतात का? आणि मुलं खाली येऊन उभी कुठे राहतात?

फोंडेकरीण
दोन जिने. मागचा बंद असतो ना, त्याला चॅनल गेट आहे. मुलं पुढच्या जिन्याने येऊन पार्किंगमध्ये जमतात. बाकी मोकळी जागाच नाही, मैदानात या दिवसांत पोटरीभर चिखल. बेलचं सांगा ना काका.

निवृत्त_बंबवाला
मागचा 'बंद असतो ना' म्हणजे? कुलूप? किल्ली कुणाकडे?

काणकोण_एक्सप्रेस
आला मुद्दा बाहेर. 😀

फोंडेकरीण
कुलूप आहे. कॉम्प्युटर लॅबमधून दोन वर्षांपूर्वी रॅम आणि माऊस गेले, तेव्हापासून. किल्ली ऑफिसात, मुख्य लिपिकांच्या ड्रॉवरमध्ये. ते रजेवर असले की ड्रॉवरलाही कुलूप.

निवृत्त_बंबवाला
मॅडम, तुमची बेल जगातली सगळ्यात चांगली असली तरी साडेसहाशे पोरं एका जिन्यावर येणार. धूर वर चढतो, आणि उघडा जिना म्हणजे त्याला आयती चिमणी. तळमजल्यावर पुढच्या बाजूला, समजा ऑफिसच्या मीटर बोर्डाला, काही पेटलं तर दोन-तीन मिनिटांत वरच्या पोरांना तो जिना दिसणारसुद्धा नाही. माणसं भाजून कमी मरतात, धुराने जास्त. हडफड्याच्या नाइटक्लबचं विसरलात का? ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री पंचवीस माणसं गेली, बहुतेक तिथेच कामाला असलेली, आणि बहुतेक गुदमरून. दिल्लीला १९९७ साली उपहार थिएटरात एकोणसाठ गेले. तिथे बाल्कनीत जादा खुर्च्या टाकून बाहेरची वाट अडवली होती. वाट असून नसल्यासारखी.
बेलचं नंतर सांगतो. आधी कुलूप.

पेडणेकर_बाब
बोलायला सोपं आहे हो. मागचा जिना उघडा ठेवला की तिथे काय चालतं ते पन्नास वर्षांचे आम्ही प्राध्यापकच जाणतो. सिगारेटी, जोडपी, शिवाय बाहेरची पोरं आत. चोरी झाली की पहिली नोटीस प्राध्यापकाला. सुरक्षा म्हणजे फक्त आग नव्हे.

काणकोण_एक्सप्रेस
बाब, म्हणजे जोडपी बसू नयेत म्हणून साडेसहाशे पोरांना कोंडायचं?

पेडणेकर_बाब
तसं म्हटलेलं नाही. तोंडात शब्द घालू नका. किल्ली शिपायाच्या कमरेला ठेवा, एवढंच म्हणतोय.

निवृत्त_बंबवाला
शिपायाच्या कमरेला किल्ली आणि शिपाई बँकेत चेक भरायला. मी असे शिपाई पुष्कळ बघितलेत. धुरात कुलपाचं भोक सापडत नाही, बाब. घरी डोळे मिटून एकदा करून बघा.
उपाय आहे. दाराला आतून ढकलायची आडवी दांडी असते, पॅनिक बार म्हणतात तिला. आतून नुसतं अंग टेकलं तरी दार उघडतं, बाहेरून मात्र उघडत नाही. चॅनल गेटच्या जागी तसं एक दार बसवा, आणि ते बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं. उघडलं की वाजणारी छोटी बॅटरीवाली भोंगी लावा, म्हणजे सिगारेटवाल्यांचीही सोय होईल. दार येईपर्यंत कॉलेज चालू असताना गेट उघडं आणि खाली एक माणूस खुर्ची टाकून.

सांतेरीचा_भाट
पावसात मागच्या जिन्यावर साप बसतात, हेही बघा. आमच्या शाळेत घोणस निघाली होती, बरोबर पायरीच्या कोनाड्यात. साप चावला तर ब्लेड मारू नका, दोरी घट्ट बांधू नका, चावलेला हात-पाय हलवू देऊ नका आणि १०८ ला फोन. जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या, तिथून लागलं तर बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात. गावठी औषधाला नेऊन आमच्या एका शेजाऱ्याने तास घालवला होता.

फोंडेकरीण
सापाचं बरोबर आहे, पण... असो. काका, चॅनल गेटचं प्राचार्यांना सांगून बघते. पैशांचं नाव काढलं की ते 'पुढच्या बजेटात बघू' म्हणतात. आता बेल सांगता का?

निवृत्त_बंबवाला
सांगतो. नीट करायचं तर काच फोडून दाबायची लाल बटणं, हूटर आणि बॅटरीवर चालणारं पॅनेल. तेवढे पैसे आज नसतील तर हातात धरायचा बॅटरीचा भोंगा घ्या, सायरनचं बटण असलेला. प्रत्येक मजल्याला एक. आणि जुनी हाताची घंटा शोधा. इलेक्ट्रिक बेल यायच्या आधी प्रत्येक कॉलेजात पितळेची असायची, अजून स्टोअरमध्ये कुठेतरी पडलेली असेल.

डिचोलीकर
पूर्वी गावात काही झालं की चर्चची नाहीतर देवळाची घंटा अवेळी वाजवायचे. अवेळी म्हणूनच लोक धावायचे. तेच तत्त्व.

काणकोण_एक्सप्रेस
आणि घोषणा कोणत्या भाषेत? आमच्याकडे इंग्रजीत झाली. 'प्लीज प्रोसीड टू द असेंब्ली पॉइंट' ऐकून कँटीनचा पोऱ्या म्हणाला, असेंब्ली (विधानसभा) तर पर्वरीला.

पेडणेकर_बाब
मराठीत करावी.

काणकोण_एक्सप्रेस
झालं सुरू. कोंकणीत केली तर? 'सगळीं सकयल देंवात' हे कुणाला कळत नाही?

म्हापशे_शुक्रवार
आग लागल्यावर राजभाषेचा वाद घालत बसा. 🙏 दोन्हीत म्हणा, हिंदीतही म्हणा, परराज्यातली मुलं असतात.

माशेलची_सून
एक विचारू? कुबड्यांवरची किंवा पायाला प्लास्टर असलेली मुलं आहेत का वरच्या मजल्यावर? लिफ्ट असली तरी आगीत वापरायची नसते ना?

फोंडेकरीण
लिफ्ट नाही. एक मुलगा आहे, एसवायचा, पोलिओ नाही, अपघात झालेला. तो काल कुठे होता तेच मला आठवत नाही. खरंच आठवत नाही.

निवृत्त_बंबवाला
माशेलच्या बाईंनी लाखातलं विचारलं. सध्या त्याचा वर्ग तळमजल्यावर आणा, तेवढं वेळापत्रक बदलायला पैसे लागत नाहीत. आणि दोन मित्र त्याच्या नावावर ठरवून ठेवा.
आता पार्किंग. तिथे जमवू नका. पोरांनी स्कूटर काढल्या म्हणता, म्हणजे खरी वेळ आली असती तर बंब गेटवर आणि आतून शंभर स्कूटर बाहेर. आमच्यावर असं झालं आहे. पुढचे दोघे उतरून स्कूटर उचलून बाजूला ठेवत होते, आणि प्रत्येक मालक ओरडत होता, सावकाश, नवी आहे! जमायची जागा इमारतीपासून लांब आणि बंबाच्या वाटेबाहेर हवी. चिखल झाला तर झाला. पाय धुता येतात.

डिचोलीकर
एक्स्टिंग्विशरचं विचारायचं राहिलं. तारीख बघितली का?

फोंडेकरीण
आत्ता जाऊन बघून आले. सात आहेत. सहांच्या काट्याची सुई हिरव्यात आहे. कॉम्प्युटर लॅबमधल्याला काटाच नाही! तुटला असेल का?

निवृत्त_बंबवाला
तुटलेला नाही. लांब काळं शिंग आहे ना त्याला? तो कार्बन डायऑक्साइडचा. त्याला काटा नसतोच, वजनावरून कळतं. बाटलीच्या खांद्यावर रिकाम्या बाटलीचं वजन कोरलेलं असतं. कँटीनच्या काट्यावर ठेवा. गॅसचं वजन लेबलवर असेल, बहुधा साडेचार किलो. दोन्हींची बेरीज यायला हवी. दहा टक्क्यांहून जास्त गॅस कमी निघाला तर भरायला पाठवा. वापरताना शिंगाला हात लावू नका, थंडीने कातडी चिकटते. केमिस्ट्री लॅबचं गॅस सिलिंडर बाहेरच्या बाजूला असेल तर त्याचा कॉक कुठे आहे ते लॅब असिस्टंटखेरीज आणखी दोघांना दाखवून ठेवा.
आणि फोंड्याच्या अग्निशामक स्टेशनाला कॉलेजच्या लेटरहेडवर एक पत्र द्या, नाहीतर पणजीला सांतिनेजच्या अग्निशामक संचालनालयाला. येऊन प्रात्यक्षिक दाखवतात. नॅकसाठी फोटोही निघतील. 😀

पेडणेकर_बाब
आणि आपत्कालीन नंबर ११२ आणि १०१ दोन्ही लिहा. हे मात्र मी सांगितलं, हं.

फोंडेकरीण
आठवड्याने परत येतेय. सांगितलंत ते बरंचसं झालं, काही नाही.
घंटा सापडली. स्टोअरमध्ये क्रिकेटच्या पॅडखाली, लोळी गायब. कँटीनवाल्याने त्याच्या लोखंडी सळीचा तुकडा दिला. आवाज असा की कावळे उडाले.
पॅनिक बार पुढच्या बजेटात. पण प्राचार्यांनी चॅनल गेट सकाळी आठ ते दोन उघडं ठेवायला लेखी दिलं. मुख्य लिपिकांनी त्यावर 'चोरी झाल्यास मी जबाबदार नाही' असं लिहून सही केली आणि फाइलला लावलं. एसवायचा वर्ग खाली आला. लॅबचा एक्स्टिंग्विशर वजनात दीड किलो कमी भरला.
काल परत ड्रिल. मुलं मागच्या जिन्यानेही उतरली, मैदानात चिखलात उभी राहिली, स्कूटर एकही निघाली नाही, कारण पार्किंगच्या तोंडाशी एनसीसीची चार पोरं उभी केली होती. हजेरीत तिघे कमी. दोघं कँटीनमध्ये सापडली, भजी गरम होती म्हणे. तिसरी वाचनालयात, कानात इअरफोन. तिने ना घंटा ऐकली ना भोंगा. ग्रंथपालांनीही नाही, एसी चालू, दारं बंद.

निवृत्त_बंबवाला
वाचनालयाला बेल नको, माणूस लागतो. प्रत्येक मजल्यावर शेवटी निघणारा एकजण ठरवा, तो खोल्या आणि संडास बघत खाली येईल. वाचनालय त्याच्या यादीत पहिलं. दीड किलोचं ऐकून बरं वाटलं नाही, बाकीच्या सहांची शेवटची भरल्याची तारीख इथे टाका.

म्हापशे_शुक्रवार
मॅडम, ते बॅटरीचे भोंगे कुठे घेतलेत? आमच्या सोसायटीला टँकरसाठी हवे होते.