मदत हवी आहे: तिवराच्या पानांचा डीएनए पीसीआरमध्ये वाढत नाही, निगेटिव्ह कंट्रोलमध्ये मात्र बँड येतो

नमस्कार.

मी ठाण्यातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांनी यंदा ठाणे खाडीकाठच्या तिवरांची डीएनए बारकोडिंगने (ठरावीक जनुकाच्या अनुक्रमावरून) ओळख पटवण्याचा प्रकल्प घेतला आहे. ही मुले ठाणे–वाशी लोकलने येता-जाता ज्या कांदळवनाकडे रोज पाहतात, त्यातील झाडे नेमकी कोणत्या जातीची आहेत, हा प्रश्न त्यांनी स्वतःहून विचारला, याचे मला फार मोल वाटते. अ‍ॅव्हिसेनिया मरीना आणि अ‍ॅव्हिसेनिया ऑफिसिनॅलिस या दोन्ही जातींना आपल्याकडे सरसकट तिवर म्हणतात. पहिलीचे पान टोकाशी निमुळते आणि दुसरीचे गोलसर असते, पण फुले-फळे नसलेल्या लहान रोपांत पानाच्या आकारावर विसंबता येत नाही. म्हणून डीएनएचा आधार घ्यायचे ठरले. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तो रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला. आम्ही पाने अभयारण्याच्या हद्दीबाहेरून आणि वनविभागाची परवानगी घेऊनच तोडली आहेत, हे आधीच स्पष्ट करते.

आता अडचणीकडे वळते. आमच्याकडे द्रव नायट्रोजन नाही. त्यामुळे पाने सिलिका जेलमध्ये वाळवून खलबत्त्यात बारीक केली आणि नेहमीच्या सीटॅब (पेशी फोडणारे डिटर्जंट) पद्धतीने डीएनए काढला. बफरमध्ये २ टक्के सीटॅब, १.४ मोलर सोडियम क्लोराइड, २० मिलिमोलर ईडीटीए आणि पीएच ८ चे १०० मिलिमोलर ट्रिस होते. ६५ अंश सेल्सिअसला तासभर ठेवल्यानंतर क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोलच्या २४:१ मिश्रणाने एकदा धुतले, आयसोप्रोपेनॉलने अवक्षेप पाडला, ७० टक्के इथेनॉलने धुऊन टीई (ट्रिस-ईडीटीए) बफरमध्ये विरघळवला. पालकाच्या पानांवर हीच पद्धत सरळ चालते. तिवराचा पेलेट (तळाशी बसलेला साका) मात्र पांढरा न येता तपकिरी, चिकट आणि काहीसा जेलीसारखा येतो, टीईमध्ये नीट विरघळत नाही, आणि पिपेटच्या टोकाला त्याचा धागा लोंबत राहतो. जेलवर भरताना त्यातील काही भाग जेलमधील खाचेतच अडकून बसतो.

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर शुद्धता दाखवणारी गुणोत्तरे कमी येतात: २६०/२८० चे गुणोत्तर १.५ च्या आसपास आणि २६०/२३० चे १ च्याही खाली येते. यंत्र डीएनएचे प्रमाण भरपूर दाखवते, पण १ टक्का अ‍ॅगरोज जेलवर जीनोमिक डीएनएचा बँड (पट्टा) फिकट दिसतो आणि त्याखाली लांब पसरट धूर दिसतो.

पीसीआरसाठी, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करण्यासाठी, आम्ही हरितलवकातील आरबीसीएल जनुकाचे प्रायमर (तुकड्याच्या दोन टोकांना जोडले जाणारे छोटे डीएनए) वापरतो, ज्यांनी सुमारे ६०० बेस जोड्यांचा तुकडा मिळायला हवा. ९४ अंशांना विलगीकरण, ५५ अंशांना प्रायमर जोडणी, ७२ अंशांना विस्तार, अशी ३५ चक्रे आहेत. त्याच दिवशी, त्याच मास्टर मिक्समधून (सगळी रसायने एकत्र केलेल्या मिश्रणातून) पालकाच्या डीएनएवर ठळक बँड येतो, म्हणजे प्रायमर, एन्झाइम आणि यंत्र ठीक असावेत. तिवराच्या नमुन्यांत मात्र काहीच येत नाही. फक्त एका नमुन्याचा डीएनए १० पट विरल केला तेव्हा अंधूक बँड दिसला.

याहून अधिक काळजीची गोष्ट पुढची आहे. डीएनएच्या जागी नुसते पाणी घातलेल्या निगेटिव्ह कंट्रोलमध्ये काही वेळा ६०० च्याच पातळीवर फिकट बँड येतो. तो प्रायमर डायमर (प्रायमर एकमेकांना चिकटून झालेला छोटा तुकडा) नाही, कारण तो १०० बेस जोड्यांच्या लॅडरवर (लांबीच्या मोजपट्टीवर) अगदी खाली नसून पालकाच्या बँडच्या बरोबरीने बसतो. एका अनुभवी व्यक्तीने मला सांगितले की तो इतका फिकट आहे की अहवालात ती लेन दाखवली नाही तरी चालेल. हे मला मान्य नाही. आम्हाला हे अनुक्रम पुढे सार्वजनिक संग्रहात द्यायचे आहेत. पालकाचा किंवा आणखी कशाचा अनुक्रम तिवर म्हणून तिथे गेला, तर उद्या दुसऱ्या कुठल्या तरी महाविद्यालयातील मुले त्याच्याशी आपला नमुना जुळवतील. विद्यार्थ्यांना मी हेच शिकवत आले आहे की कंट्रोल बोलत असेल तर आधी त्याचे ऐकायचे.

तेव्हा जाणकारांनी कृपया दोन गोष्टींत मार्ग दाखवावा. तिवराच्या डीएनएत पीसीआर रोखणारे काही राहते आहे की डीएनएच तुटलेला आहे, हे साध्या साधनांनी वेगळे कसे करावे? आणि निगेटिव्ह कंट्रोलमधील बँडचा उगम शोधताना कोणत्या क्रमाने जावे, म्हणजे सगळी रसायने एकदम फेकून नव्याने घेण्याचा खर्च टळेल? महाविद्यालयाचे प्रयोगशाळेचे अंदाजपत्रक तुटपुंजे आहे, हे ध्यानात घेऊन सुचवावे ही विनंती.

प्रतिसाद १

नमस्कार मॅडम. मी नवी मुंबईत एका निदान प्रयोगशाळेत काम करतो आणि त्याआधी काही वर्षे वनस्पतींचा डीएनए काढण्याचेच काम केले आहे. कंट्रोलबद्दलची तुमची भूमिका अगदी योग्य आहे, ती सोडू नका.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या निरीक्षणातच आहे. डीएनए तुटलेला असता, तर तो विरल केल्याने बँड आणखी नाहीसा झाला असता. विरल केल्यावर बँड आला, याचा अर्थ डीएनएबरोबर पीसीआर रोखणारा पदार्थ आला आहे आणि तोही विरल झाल्यामुळे एन्झाइमला काम करता आले. याची खात्री करायला पैसे लागत नाहीत. पालकाचा जो डीएनए हमखास वाढतो, त्याच्या एका नळीत १ मायक्रोलिटर तिवराचा डीएनए घाला आणि दुसरीत १ मायक्रोलिटर टीई. टीईच्या नळीत बँड आला आणि तिवराच्या नळीत पालकाचाही बँड गेला, तर अवरोधक आहे हे सिद्ध झाले. मग तिवराचा डीएनए १०, २० आणि ५० पट विरल करून हीच चाचणी घ्या, म्हणजे तो कोणत्या टप्प्यावर निष्प्रभ होतो ते कळेल.

तपकिरी रंग पॉलिफिनॉलचा आहे. पान चुरडताच ही द्रव्ये हवेतील ऑक्सिजनने क्विनोनमध्ये बदलतात आणि डीएनएला व प्रथिनांना घट्ट चिकटतात. एकदा चिकटली की नंतर कितीही धुतले तरी सुटत नाहीत. म्हणून उपाय चुरडण्याच्या क्षणीच हवा. तुम्ही सांगितलेल्या बफरमध्ये पीव्हीपी आणि बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल यांचा उल्लेख दिसला नाही. पीव्हीपी पॉलिफिनॉलना धरून ठेवते आणि मर्कॅप्टोइथेनॉल त्यांचे ऑक्सिडीकरण थांबवते. पीव्हीपी २ टक्के ठेवा, मर्कॅप्टोइथेनॉल ०.२ ते १ टक्क्यापर्यंत वापरायच्या वेळीच घाला, आणि त्याचे काम फ्यूम हूडमध्येच करा, कारण ते विषारी आहे आणि त्याचा दुर्गंध मजलाभर पसरतो. पाने जून न घेता फांदीच्या टोकाकडची कोवळी घ्या. तिवराचे पान उन्हात तिरके धरले की वरच्या बाजूला मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात, कारण हे झाड नको असलेले मीठ पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकते. म्हणून पाने आधी ऊर्ध्वपातित पाण्याने आणि मग ७० टक्के अल्कोहोलने पुसून, त्यानंतरच सिलिकात ठेवा.

चिकटपणा पॉलिसॅकराइडचा आहे. तो घालवण्याचा स्वस्त उपाय म्हणजे क्लोरोफॉर्मने एकाऐवजी दोनदा धुणे आणि अवक्षेप पाडण्यापूर्वी वरच्या द्रवात त्याच्या निम्म्या आकारमानाइतके ५ मोलर सोडियम क्लोराइड घालणे. मिठाचे प्रमाण जास्त असताना पॉलिसॅकराइड अल्कोहोलमध्येही विरघळलेली राहतात आणि डीएनए एकटा खाली बसतो. तरीही जेलीसारखा पेलेट आला, तर सीटॅब घालण्यापूर्वी पानाची पूड सॉर्बिटॉल असलेल्या बफरने एक-दोनदा धुऊन तो द्रव फेकून द्या. अशा पानांत मला या एका पायरीचा सर्वांत जास्त फायदा झाला आहे. सीटॅब बफर आणि त्यातील नमुना बर्फात ठेवू नका, थंडीत सीटॅब स्वतःच खाली बसते.

स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या आकड्यावर इथे विश्वास ठेवू नका. आरएनए २६० नॅनोमीटरलाच प्रकाश शोषतो आणि पॉलिफिनॉलही त्याच्या आसपास शोषतात, म्हणून डीएनए भरपूर असल्याचा भास होतो. आरएनएज ए (आरएनए तोडणारे एन्झाइम) वापरल्यावर जेलवरील खालचा धूर बराच कमी झाला, तर तो आरएनए होता असे समजा. अंतिम डीएनए टीईऐवजी १० मिलिमोलर ट्रिसमध्ये विरघळवणेही बरे, कारण टीईतील ईडीटीए पीसीआरला लागणारे मॅग्नेशियम बांधून ठेवते. पीसीआरच्या मिश्रणात बीएसए (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन) ०.४ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर या प्रमाणात घातल्यास उरलेले पॉलिफिनॉल त्याला चिकटतात आणि प्रती करणारे टॅक एन्झाइम मोकळे राहते.

आता निगेटिव्ह कंट्रोल. ३५ चक्रांत एका रेणूच्या, निदान कागदावर, ३,४०० कोटींहून अधिक प्रती होतात. त्यामुळे आधीच्या पीसीआरची नळी उघडताना उडालेला, डोळ्यांना न दिसणारा थेंबसुद्धा पुरतो. सर्वप्रथम एकाच मास्टर मिक्समधून पाण्याच्या सहा-आठ नळ्या लावा. सगळ्यांत सारखाच बँड आला, तर दोष एखाद्या रसायनात आहे. मोजक्याच नळ्यांत आणि कमी-अधिक ठळक आला, तर दोष हवेतून, पिपेटमधून किंवा हातांतून येतो आहे. तुमच्याकडे बँड काही वेळाच येतो, त्यामुळे माझा संशय यावरच आहे. रसायनाचा संशय असेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि सुरुवात पाण्यापासून करा, कारण तीच बाटली सर्वांत जास्त हात उघडतात आणि तीच सर्वांत स्वस्त आहे. त्यानंतर प्रायमर, मग बफर आणि डीएनटीपी (नव्या डीएनएचे घटक), आणि एन्झाइम शेवटी. नव्या साठ्याचे छोट्या नळ्यांत वाटप करूनच ठेवा.

पीसीआर लावण्याची जागा आणि जेल भरण्याची जागा वेगळ्या खोल्यांत हव्यात. खोली एकच असेल तर निदान दोन वेगळी टेबले, दोन वेगळे पिपेट संच आणि दोन वेगळे ॲप्रन असावेत, आणि जेलच्या टेबलावरची कोणतीही वस्तू पीसीआरच्या टेबलावर परत जाता कामा नये. तुम्ही शोधत असलेले जनुक प्रत्येक हिरव्या पानात असल्यामुळे पाने वाटण्याचे काम तर आणखी दूर हवे. टेबल आणि पिपेट त्याच दिवशी बनवलेल्या ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटने पुसा आणि नंतर पाण्याने व अल्कोहोलने पुसून घ्या. ऑटोक्लेव्हमधून काढले म्हणजे डीएनए नष्ट झाला, हा समज सोडून द्यावा. जंतू मरतात, पण डीएनएचे तुकडे उरतात. फिल्टर असलेल्या टिप महाग वाटतात, पण त्या फक्त मास्टर मिक्स आणि नमुना घालताना वापरल्या तर परवडतात.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. एक भर घालतो. आरबीसीएल जनुक फार सावकाश बदलते, त्यामुळे प्रजाती (इथे अ‍ॅव्हिसेनिया) कळली तरी एकाच प्रजातीतील जवळच्या जाती वेगळ्या करायला ते पुष्कळदा अपुरे पडते. वनस्पतींसाठी २००९ मध्ये आरबीसीएल आणि मॅटके (हरितलवकातीलच दुसरे जनुक) ही जोडी सुचवली गेली ती याच कारणाने. शक्य असल्यास मॅटके किंवा आयटीएस-२ (केंद्रकातील डीएनएचा एक भाग) सोबत घ्या, आणि ज्या झाडाचे पान घेतले त्याचा फुला-फळांसह वाळवलेला नमुना महाविद्यालयाच्या हर्बेरियममध्ये ठेवा. कंट्रोलमधला बँडही शुद्ध करून एकदा सिक्वेन्सिंगला पाठवावा असे मला वाटते. तो पालकाचा निघाला, तर गळती कुठून होते ते लगेच कळेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मिश्रणाची चाचणी मुलांनी स्वतः केली. तिवराचा डीएनए घातलेल्या नळीत पालकाचा बँड पूर्णपणे गेला आणि तो २० पट विरल केल्यावर परत आला. तेव्हा अवरोधकाबद्दल आता शंका उरली नाही. पाण्याच्या आठ नळ्यांपैकी दोनच नळ्यांत बँड आला आणि तोही एकसारखा नव्हता, म्हणून रसायने बदलण्याआधी आम्ही जागा बदलत आहोत: पीसीआर आता शेजारच्या प्राणिशास्त्राच्या खोलीत लागेल, तिथला पिपेट संच तिथेच राहील आणि पालकाचा डीएनए सर्वांत शेवटी घातला जाईल. पीव्हीपी आमच्याकडे होतेच, मर्कॅप्टोइथेनॉल मागवले आहे. कंट्रोलचा बँड सिक्वेन्सिंगला पाठवायची सूचना मुलांना फारच पटली आहे.

एकच शंका राहिली. प्रथिनांचे प्रमाण मोजण्यासाठी आमच्या जीवरसायनशास्त्राच्या कपाटात बीएसएची बाटली आहे. पीसीआरमध्ये तीच चालेल का?

प्रतिसाद १

ती वापरू नका. त्या प्रतीच्या बीएसएमध्ये न्यूक्लिएज (डीएनए कापणारी एन्झाइम) असू शकतात आणि गाईचा डीएनएही असू शकतो. तुमच्या प्रायमरना गाईच्या डीएनएशी कर्तव्य नाही, पण न्यूक्लिएज असतील तर ती तुमचा डीएनए कापतील. मॉलिक्युलर बायोलॉजी प्रतीची, न्यूक्लिएजमुक्त असे लिहिलेली छोटी कुपी घ्या. प्रत्येक नळीत फार थोडी लागते, त्यामुळे ती वर्षभर पुरेल.