पावसाचा लॉग: एक्सेल आणि पायथनचा हिशेब जुळेना

मांजराकाठ:
केज तालुक्याचा जून ते सप्टेंबरचा रोजचा पाऊस मिमीत आहे, त्याचा लॉग (लॉगरिदम) काढतोय. ६२.५ ला पायथनचं मॅथ.लॉग ४.१३५१७ देतंय, एक्सेलचं लॉग १.७९५८८. आणि कोरडा दिवस, म्हणजे ०.० आला की स्क्रिप्ट व्हॅल्यू एरर देऊन थांबते. हे कामून? शून्याच्या जागी ०.००१ टाकू का?

बालाघाट:
दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पाया वेगळा आहे. पायथन, सी, जावा, जावास्क्रिप्टमध्ये नुसतं लॉग म्हणजे पाया ई (सुमारे २.७१८), म्हणजेच नैसर्गिक लॉग. एक्सेलच्या सेलमध्ये नुसतं लॉग म्हणजे पाया १०, तिथं नैसर्गिक लॉगसाठी एलएन लिहा. (एक्सेलच्याच मॅक्रोत मात्र लॉग नैसर्गिक! पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये परत १०.) पायथनचा आकडा एक्सेलच्या आकड्यानं भागा. २.३०२६ आलं की पायाचाच घोळ समजा, कारण तो १० चा नैसर्गिक लॉग आहे.
पायथनमध्ये पाया १० हवा असेल तर लॉग१० वापरा. मॅथ.लॉग(१०००, १०) दोन लॉगांचा भागाकार करतं आणि २.९९९९९९९९९९९९९९९६ देतं, त्यावर इंट (दशांश तोडून पूर्णांक) लावलं की ३ चे २ झाले.

गोदाकाठ:
भाऊ, ०.००१ अजिबात नको. त्याचा लॉग −६.९१, ०.०००१ चा −९.२१. आपल्याकडं कोरडे दिवसच जास्त, म्हणजे लॉगची सरासरी पावसावर नाही, तुम्ही मनानं टाकलेल्या आकड्यावर ठरणार.
लॉग१पी, म्हणजे १ मिळवून लॉग, शून्याला शून्य देतं. ६२.५ ला फरक ०.०१६ इतकाच. पण ०.५ मिमीला −०.६९३ च्या जागी ०.४०५ येतं, चिन्हच बदललं. शिवाय मिमीचे सेंमी केले की तो १ दहापट जड होतो. लॉगवरून परत मिमीवर येताना एक्सपीएम१ (एक्सप करून १ वजा) लावा, नुसतं एक्सप (ई चा घात) नाही.
त्यापेक्षा दोन भाग करा: पाऊस पडला की नाही हे वेगळं मोजा, आणि लॉग फक्त पावसाळी दिवसांचा काढा. हवामान खात्याची पावसाळी दिवसाची मर्यादा २.५ मिमी आहे, तीच धरा.

मांजराकाठ:
नम्पाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या लॉगला एररच येत नाही. मग ते चालतंय की?

गोदाकाठ:
चालत नाही, नुसतं थांबत नाही. शून्याला वॉर्निंग देऊन उणे अनंत ठेवतं, असा एक दिवस आला तरी सरासरी उणे अनंत. नोंद नाही म्हणून −९९९ भरलेलं असेल तर नॅन (म्हणजे 'आकडा नाही') येतं. पांडास या तक्त्यांच्या लायब्ररीची सरासरी नॅन गुपचूप वगळते, उणे अनंत वगळत नाही. म्हणून आधी −९९९ रिकामे करा, मग २.५ ची चाळणी, लॉग शेवटी.