मदत हवी आहे: मशीनचं मॅन्युअल लिहायचे पैसे किती मागावेत?

नमस्कार मंडळी. मी संभाजीनगरचा, वाळूज एमआयडीसीत ७ वर्षं मेंटेनन्सला होतो. आता एका कारखान्याने पॅकिंग मशीनचं मॅन्युअल लिहायला सांगितलंय, इंग्रजीत आणि ऑपरेटरसाठी मराठीतही. मालक म्हणतात, "पानाला १०० रुपये घ्या, टायपिंगच तर आहे!" अहो, सेन्सर कसा बदलायचा या एका पानासाठी काल दोन तास मशीनपाशी उभा होतो. ड्रॉइंगमध्ये वायर लाल, प्रत्यक्षात निळी! वर १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापणार म्हणे. दर पानावर लावू, तासावर, की अख्ख्या कामाचा? लिहून दिल्यावर मजकुरात दुरुस्त्या सांगितल्या तर त्यांचे वेगळे घेता का? आणि पुण्यात मॅन्युअल लिहायचीच नोकरी धरली तर नवख्याने पगार किती सांगावा? सांगा राव, सोमवारी कोटेशन द्यायचंय.