मदत हवी आहे : १८०० सालच्या आयरिश कैद्यांत राजकीय कैदी कोणते?

आयर्लंडमधून ऑस्ट्रेलियात हद्दपार झालेल्या कैद्यांवर मी मराठीत एक दीर्घ लेख लिहीत असून, ‘मिनर्व्हा’ या जहाजापाशी अडलो आहे. ऑगस्ट १७९९ मध्ये कॉर्कहून निघून जानेवारी १८०० मध्ये सिडनीला पोहोचलेल्या या जहाजावर ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १७९८ च्या आयरिश उठावातील बंडखोर होते, तसेच साधे चोरही होते. सरसकट सगळ्यांना ‘देशभक्त’ म्हणण्याची लोकप्रिय रीत मला पटत नाही.

सिडनीकडील कैदी-याद्या मी पाहिल्या आहेत. त्यांत नाव, खटल्याचे ठिकाण आणि शिक्षेची मुदत मिळते, मात्र गुन्हा बहुधा नोंदलेला नसतो. डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची ऑनलाइन सूचीही चाळली, परंतु १८३६ पूर्वीची हद्दपारीची नोंदवहीच १९२२ च्या आगीत नष्ट झाल्याने तिथे मुख्यतः दयेचे अर्जच हाती लागतात, आणि अर्ज सगळ्यांनीच केलेले नव्हते. डब्लिनला जाणे मला शक्य नाही. इंग्रजी कागदपत्रे वाचता येतात, आयरिश भाषा येत नाही.

लष्करी न्यायालयाने शिक्षा दिलेले आणि नेहमीच्या न्यायालयातून आलेले कैदी नावानिशी वेगळे करता येतील, अशी कोणती समकालीन कागदपत्रे घरबसल्या पाहता येतात?