पॅशनफ्रूटचा वेल बियांपासून लावायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी! मावशीच्या सावंतवाडीच्या परसातलं, पिकून गळलेलं पॅशनफ्रूट आणलंय. साल सुरकुतलेली, आत केशरी गर आणि काळ्या बिया. गर फडक्यावर चोळून काढला की बी लगेच पेरायचं की सावलीत वाळवून? कवच कठीण, म्हणून कोणी कोमट पाण्यात रात्रभर भिजवा म्हणतं, कोणी पॉलिश पेपरवर घासा. ताजं बी लवकर रुजतं, जुनं महिना महिना घेतं, म्हणून घाई आहे. फांदी लावा असं कृपया सुचवू नका, मला बियांपासूनच वाढवायचाय. पुण्यात पूर्वेची गॅलरी आहे, ऊन अकरापर्यंतच. तेवढ्यावर कृष्णकमळासारखी ती सुंदर फुलं येतील ना? ज्यांनी स्वतः रुजवलंय त्यांनी माती-वाळूचं प्रमाणही सांगा.